डाव कोणी थांबवायचा?

इतिहास म्हटला की लढाया, तह, राज्यारोहणे आणि फार झाले तर दुष्काळ, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. शाळकरी मुलांच्या खेळालाही इतिहास असतो असे कोणी म्हणाले, तर आपण त्याच्याकडे कौतुकाने पाहतो आणि पान उलटतो. वास्तविक पाहता मुलांच्या खेळाचा इतिहास एका बाबतीत मोठ्यांच्या लढायांपेक्षा अधिक बोलका असतो. लढाईत माणसे गरजेने आणि भयाने वागतात. मुलांच्या खेळात मैदानाच्या कडेला जो मोठा माणूस उभा असतो, त्याच्यावर कसलीच सक्ती नसते. तो वागतो ते केवळ आपल्या समजुतीने. आणि म्हणूनच ती समजूत तिथे उघडी पडते.

या माणसाला आपल्याकडे काळाकाळाने निरनिराळी नावे मिळाली. तालमीत तो वस्ताद होता, शाळेत ड्रिलमास्तर झाला, व्यायामशाळेत त्याला गुरुजी म्हणू लागले, क्रिकेटच्या नेटमध्ये तो सर झाला आणि आता सगळीकडे नुसता कोच. नाव बदलले तरी कामाचे मूळ तेच राहिले. दुसऱ्याचे मूल रोज दोन-तीन तास त्याच्या हवाली केलेले असते. त्याने मुलांना काय शिकवावे याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याने कुठे थांबावे याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. मला या लेखात थांबण्याविषयीच लिहायचे आहे, आणि त्याला निमित्त आमच्या कल्याणचे आहे.

४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवशी कल्याणातल्या युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर भंडारी चषकाचा आंतरशालेय सामना झाला. एका बाजूला के. सी. गांधी शाळा, दुसऱ्या बाजूला आर्य गुरुकुल. आर्य गुरुकुलचा पहिला डाव ३१ धावांत आटोपला. मग गांधी शाळेचा पंधरा वर्षांचा सलामीचा फलंदाज प्रणव धनावडे खेळायला आला. पहिल्या दिवसाचा खेळ संपला तेव्हा तो ६५२ वर नाबाद होता आणि संघाच्या धावा एक बाद ९५६ झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी डाव पुढे चालू झाला. ३२७ चेंडूंत १२९ चौकार आणि ५९ षटकार मारून प्रणवने नाबाद १००९ धावा केल्या. संघाने तीन बाद १४६५ वर डाव घोषित केला. आर्य गुरुकुलचा दुसरा डाव ५२ धावांत संपला, आणि गांधी शाळा एक डाव व १३८२ धावांनी जिंकली.

मी डोंबिवलीचा. त्या आठवड्यात सकाळच्या गाडीत दुसरा विषय नव्हता. ज्यांनी बॅट कधी हातात धरली नव्हती असे लोकही चौकार-षटकारांचा हिशेब मांडत होते. आनंद खराच होता. कोणत्याही दर्जाच्या नोंदलेल्या सामन्यात एका डावात हजार धावा तोवर कोणीच केल्या नव्हत्या. आणि तो विक्रम लंडनच्या नव्हे, मुंबईच्याही नव्हे, तर कल्याणच्या पोराने केला होता. त्याचे वडील रिक्षा चालवतात, हे समजल्यावर तर त्या आनंदाला घरच्या कार्याचे स्वरूप आले.

पण धावफलकाला दोन बाजू असतात. वरची बाजू सगळ्यांनी वाचली. मी खालची वाचू लागलो. तिथे ३१ आणि ५२ असे दोन आकडे होते, आणि त्यांच्यामध्ये दोन दिवस चेंडूमागे धावणारी अकरा मुले होती. वर्तमानपत्रांतून हळूहळू त्यांचीही हकीकत बाहेर आली. सामना सोळा वर्षांखालील मुलांचा. आर्य गुरुकुलची मोठी मुले परीक्षेमुळे येऊ शकली नाहीत, म्हणून बारा वर्षांच्या आसपासची मुले मैदानात उतरवली गेली. त्यांतल्या अनेकांना कातडी चेंडूची सवयही नव्हती. मैदान लहान आणि एका बाजूची सीमारेषा फारच जवळ. या गोष्टी कळल्यावर काही मंडळींनी त्या हजार धावांना नाक मुरडले. मला तो न्याय वाटला नाही. मुलाने समोर आलेला चेंडू खेळायचा असतो, आणि प्रणव तेच करत होता. ६५२ वर नाबाद राहून झोपायला गेलेल्या मुलाने सकाळी उठून स्वतःहून खेळ सोडावा, ही अपेक्षा ऋषीकडून करावी, पंधरा वर्षांच्या पोराकडून नव्हे.

प्रश्न मुलाचा नव्हताच. पहिल्या दिवसअखेर गांधी शाळेकडे ९२५ धावांची आघाडी होती. सामना जिंकायला तेवढी आघाडी पुरून उरली असती. अशा वेळी डाव कोणी थांबवायचा? जिंकणाऱ्यांच्या मार्गदर्शकाने, हरणाऱ्यांच्या, की पंचांनी आणि संयोजकांनी? हा प्रश्न कल्याणात पहिल्यांदा उभा राहिला असे मुळीच नाही. क्रिकेटच्या इतिहासात तो पूर्वीही उभा राहिला होता, आणि दर वेळी त्याला वेगळे उत्तर मिळाले. ती उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

प्रणवने मोडला तो विक्रम ११६ वर्षांचा होता. जून १८९९ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टन कॉलेजात, विद्यार्थ्यांच्या दोन गटांमध्ये एक सामना झाला. त्यात ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने नाबाद ६२८ धावा केल्या. गंमत अशी की हा मुलगा आपल्याच देशात, हजारीबागेत, १८८५ साली जन्मलेला. सामना रोज दुपारनंतर थोडा थोडा असा काही दिवस चालला होता. धावा लिहिणाऱ्याने पुढे मोकळेपणाने कबूल केले, की आकडा वीस धावांनी इकडे-तिकडे असू शकेल. कॉलिन्सच्या बाजूच्या ८३६ धावा झाल्या. समोरच्या मुलांनी दोन डावांत ८७ आणि ६१ केल्या. हा डाव कोणीही थांबवला नाही. दहावा गडी बाद झाला तेव्हा तो आपोआप थांबला. शाळेच्या आवारातला खेळ, बघायला रोज वाढती गर्दी, आणि शिक्षकांनाही त्या आकड्याची भूल पडलेली. क्लिफ्टनचे उत्तर सरळ होते: थांबवायचे कोणीच नाही, पोरे खेळताहेत, खेळू द्या.

कॉलिन्सचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. तो क्रिकेटपटू म्हणून नावाजला नाही. सैन्यात गेला, आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये ईप्रच्या लढाईत, एकोणतीस वर्षांचा असताना, मारला गेला. उभ्या आयुष्यात त्याची ओळख तेराव्या वर्षी केलेल्या एका आकड्याचीच राहिली.

दुसरे उत्तर पुण्याचे आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा रणजी सामना होता. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळत होते. के. व्ही. भांडारकर यांच्याबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली, आणि एका मध्यंतराला ते ४४३ वर नाबाद होते. संघाच्या धावा चार बाद ८२६. डॉन ब्रॅडमन यांचा १९३० सालचा नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम गाठायला फक्त नऊ धावा हव्या होत्या. मध्यंतरानंतर खेळ सुरूच झाला नाही. काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. आपल्या संघाच्या नावावर असा विक्रम लागावा हे त्यांना रुचले नाही. त्यांनी सामना सोडला आणि संघ घेऊन ते निघून गेले.

महाराष्ट्रात ही गोष्ट तेव्हापासून हळहळत सांगितली जाते. निंबाळकर एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. त्यांना ब्रॅडमनने कौतुकाचे पत्र पाठवले, एवढेच समाधान. २०१२ च्या डिसेंबरात कोल्हापुरात ते वारले तेव्हाही त्या नऊ धावांची आठवण सगळ्यांनी काढली. मीही लहानपणापासून ठाकोरसाहेबांना या कथेतले खलपुरुष मानत आलो, कारण कथा मला निंबाळकरांच्या बाजूने सांगितली गेली होती. आजही ते वागले ते मोठ्या मनाचे होते असे मी म्हणणार नाही. दोन्ही बाजूंना प्रौढ खेळाडू होते, सामना पहिल्या दर्जाचा होता, आणि आणखी पाच-दहा मिनिटे उन्हात उभे राहिल्याने कोणाचे काही बिघडले नसते. तरीही एक गोष्ट नोंदवून ठेवावी. हरणाऱ्यालाही खेळ थांबवण्याचा अधिकार असतो, हे त्या दिवशी दिसले. ठाकोरसाहेबांनी तो मोठ्यांच्या सामन्यात, स्वतःच्या मानापायी वापरला. बारा वर्षांच्या मुलांच्या वतीने कोणी तो वापरला असता, तर आपण त्याला काय म्हटले असते?

तिसरे उत्तर मुंबईचे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमची दोन मुले सेंट झेवियर्सविरुद्ध खेळायला उभी राहिली. चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी. दोघांनी नाबाद ६६४ धावांची भागीदारी केली. सचिन ३२६, विनोद ३४९, संघ दोन बाद ७४८. एवढा भाग प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे. त्यापुढचा भाग थोड्यांना आठवतो. त्यांचे गुरू रमाकांत आचरेकर त्या वेळी मैदानावर नव्हते. त्यांचे सहायक सीमारेषेवरून डाव सोडण्याची खूण करत होते आणि ही दोघे पोरे त्यांच्याकडे पाहायचेच टाळत होती. अखेर दुसऱ्या दिवशी उपाहाराच्या वेळी फोनवर आचरेकरांशी बोलणे झाले. कांबळीला साडेतीनशेला एकच धाव कमी होती, आणि त्याने ती मागितली. गुरूंनी डाव घोषित करायला सांगितले. डाव घोषित झाला.

एक धाव! अहो, एका धावेने कोणाचे काय जाणार होते? पण या नकारातच आचरेकरांची सारी शिकवण आहे असे मला वाटते. ३४९ आणि ३५० यांत क्रिकेटच्या दृष्टीने काही अंतर नाही, पण शिष्याच्या मनाच्या दृष्टीने फार मोठे आहे. धावा संघासाठी, सामना जिंकण्यासाठी करायच्या. ते काम झाले की बॅट खाली ठेवायची, आणि गोल आकडा हा तिथे रेंगाळण्याचा परवाना नव्हे. डाव घोषित झाल्यावर त्याच कांबळीने गोलंदाजी करत ३७ धावांत सहा गडी टिपले आणि सेंट झेवियर्सला १४५ वर गुंडाळले. थांबवल्याने त्याचे काहीच गेले नाही. आचरेकर स्वतः प्रथम दर्जाचा एकच सामना खेळलेले. त्यांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री मिळाली, आणि २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. स्टंपवर रुपया ठेवून सचिनला खेळवणारे गुरू म्हणून लोक त्यांना ओळखतात. मला त्यांचा तो नाकारलेला पस्तिसावा दहाकडा रुपयापेक्षा मोलाचा वाटतो.

आणि इथेही धावफलकाची खालची बाजू वाचावी. सेंट झेवियर्सकडून त्या दिवशी जी मुले गोलंदाजी करत होती, त्यांत साईराज बहुतुले होता. त्याला एकही बळी मिळाला नाही आणि त्याच्या चेंडूंवर ढीगभर धावा निघाल्या. हाच मुलगा पुढे मुंबईचा लेगस्पिनर झाला, २००१ मध्ये भारताकडून दोन कसोटी खेळला, प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्याने सहाशेहून अधिक बळी घेतले, आणि नंतर स्वतः प्रशिक्षक झाला. मार खाणाऱ्या बाजूलाही उद्याचा खेळाडू उभा असू शकतो, याला यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा? मात्र एक फरक विसरता कामा नये. आझाद मैदानावर दोन्ही बाजूंना हॅरिस शील्डची, साधारण बरोबरीच्या वयाची मुले होती. मार खाल्ला तो बरोबरीच्या मुलांचा. तसा मार मुलाला शिकवतो. चार वर्षांनी मोठ्या मुलाचा मार काहीच शिकवत नाही. तो फक्त त्या मुलाला घरी पाठवतो.

हे आपल्या जुन्या लोकांना चांगले ठाऊक होते. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो तेव्हा कोणीही उठून कोणाशीही लढत नाही. जाणती मंडळी पोरांना जवळ बोलावतात, उंची पाहतात, दंड-मान चाचपतात, आणि मग जोड लावतात. रेवड्यांसाठी लढणाऱ्या चिमुरड्यांपासून मानाच्या कुस्तीपर्यंत ही जोड लावण्याची रीत पाळली जाते. जोड चुकली तर प्रेक्षकच ओरडतात, आणि दोष पोराला न देता पंचांना देतात. पाठ टेकली की कुस्ती संपते. टेकलेली पाठ पुन्हा पुन्हा टेकवायला कोणी सांगत नाही. कबड्डीने तीच दृष्टी वजनाची मर्यादा घालून नियमात आणली. क्रिकेटमध्ये मात्र फलंदाज बाद होईपर्यंत किंवा कोणी डाव सोडेपर्यंत खेळ चालू शकतो. या खेळात पाठ टेकल्याचे सांगणारा पंच नाही. म्हणून तिथे कोचवरची जबाबदारी वस्तादापेक्षा जास्त आहे.

आता कल्याणकडे परत येऊ, कारण तिथे थांबवणारा कोणी पुढे का आला नाही, हे समजून घेतल्याशिवाय दोष देणे सोपे आणि खोटे होईल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याला येऊन थांबली, आणि पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या माणसाचे नशीब त्या रुळांच्या दुसऱ्या टोकाला आहे. नोकरी तिकडे, मोठी कॉलेजे तिकडे, आणि क्रिकेटची मैदानेही तिकडेच. कल्याणच्या मुलाला आझाद मैदानावर खेळायचे तर खांद्यावर किट घेऊन पन्नासाहून अधिक किलोमीटर उभ्याने जायचे आणि तसेच परत यायचे. दादरच्या मुलाने शंभर केले तर निवड समितीच्या कोणाच्या तरी कानावर जाते. कल्याणच्या मुलाने शंभर केले तर ते त्याच्या सोसायटीतही कळत नाही. अशा ठिकाणी मार्गदर्शकाच्या मनात एकच हिशेब उभा राहतो: आकडा इतका मोठा झाला पाहिजे, की तो मुंबईपर्यंत ऐकू गेला पाहिजे. हा हिशेब लोभाचा नाही. दूरच्या गावाने आपल्या पोराला पाहिले जावे म्हणून केलेली ती धडपड आहे. मी पन्नास वर्षे या गाडीने ये-जा करणाऱ्यांच्या गावात राहतो. मला ती धडपड परकी वाटत नाही.

आणि आकडा ऐकू गेलाही. वर्तमानपत्रे आली, दूरचित्रवाणी आली, सचिनने बॅट पाठवली, सरकारने शिक्षणाचा व प्रशिक्षणाचा खर्च उचलण्याचे जाहीर केले, मुंबई क्रिकेट संघटनेने पाच वर्षे दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कल्याणच्या सुभाष मैदानावर मंत्र्यांचे हेलिकॉप्टर उतरवण्याच्या तयारीवरून प्रणवची पोलिसांशी बाचाबाची झाल्याच्या आणि त्याला ठाण्यात नेल्याच्या बातम्या आल्या. ज्या गावाने हजार धावांची मिरवणूक काढली, त्या गावात त्या मुलाला सरावासाठी हक्काचे मैदान नव्हते, एवढा अर्थ त्यातून निघाला. २०१७ मध्ये आणखी एक बातमी आली. धावा होत नव्हत्या. म्हणून त्याच्या वडिलांनी संघटनेला शिष्यवृत्ती बंद करण्याची विनंती केली.

ही दुसरी बातमी मी कापून ठेवली आहे. रिक्षा चालवणाऱ्या माणसाला दरमहा दहा हजार म्हणजे काय, हे सांगायला नको. मुलाने खेळून मिळवलेला पैसा तो खेळत नसताना घेणे त्या गृहस्थाला बरे वाटले नाही. या साऱ्या प्रकरणात सामना संपल्यावर योग्य वेळी डाव घोषित करणारा एकच मोठा माणूस मला दिसतो, आणि तो मार्गदर्शक नव्हता, पदाधिकारीही नव्हता. तो बाप होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट होते. थांबवण्याचे कर्तव्य केवळ समोरच्या अकरा मुलांसाठी नसते. ते आपल्या मुलासाठीही असते. हजाराचा आकडा पंधराव्या वर्षी गळ्यात पडला की पुढची प्रत्येक पन्नाशी अपयश वाटू लागते. शेजारी विचारतो, निवड समिती विचारते, आणि रात्री दिवा मालवल्यावर मुलगा स्वतःलाच विचारतो. कॉलिन्सला तेराव्या वर्षी जे ओझे मिळाले, तेच शंभरावर वर्षांनी कल्याणच्या मुलाला मिळाले. पाचशेवर डाव घोषित झाला असता तर प्रणव कदाचित जगात कोणाला ठाऊक झाला नसता. पण आपल्या चालीने वाढायला त्याला वेळ मिळाला असता. या दोहोंपैकी काय बरे, हे ठरवण्याचे वय त्याचे नव्हते. म्हणून तर मैदानाच्या कडेला मोठा माणूस उभा करायचा असतो.

हा प्रश्न आता क्रिकेटपुरता राहिलेला नाही. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला लागून आणि डोंबिवलीच्या नव्या वस्त्यांत कृत्रिम हिरवळीची लहान लहान मैदाने झाली आहेत. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात तिथे आठ-दहा वर्षांची मुले फुटबॉल खेळतात. शिकवणी लावावी तशी आईबाप त्यांची नावे घालतात, फी भरतात, आणि जाळीला नाक लावून उभे राहतात. मी कधी कधी त्यांच्याशेजारी उभा राहतो. एका बाजूचे बारा-पंधरा गोल झालेले असतात आणि जिंकणाऱ्यांचा कोच अजून ‘आणखी, आणखी’ ओरडत असतो. हरणाऱ्यांचा गोलरक्षक, वय वर्षे आठ, मोठे मोजे सावरत जाळ्यातला चेंडू पुन्हा बाहेर काढतो. जाळीपलीकडे त्याची आई मोबाइलकडे पाहण्याचे नाटक करते. राखीव बाकावर चार मुले बसलेली असतात, आणि पंधरा गोलांची आघाडी असूनही त्यांना आत पाठवावे असे कोणाला सुचत नाही. फी त्यांचीही भरलेली असते.

ज्या देशांत फुटबॉल मुरलेला आहे, त्यांनी या गोष्टीचा विचार केला आहे. नॉर्वेने १९८७ सालीच मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ मध्ये मुलांचे खेळातले हक्क लिहून काढले. तिथे मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत गुणतक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत. खेळ होतो, गोल होतात, पण मोठ्यांच्या हाती मिरवायला तक्ता सापडत नाही. आपल्या फुटबॉल महासंघानेही २०१८ मध्ये लहान मुलांसाठी ‘बेबी लीग’ सुरू केली. मैदान लहान, गडी थोडे, म्हणजे चेंडू प्रत्येकाच्या पायाशी यावा. मुलांच्या अंगाला आणि मनाला अपाय होऊ नये म्हणून कायदाही आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याने मुलाच्या लैंगिक छळाची माहिती असून ती न कळवणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि विश्वासाच्या जागेवर असलेल्याने केलेला असा अपराध अधिक गंभीर मानला आहे. कोचची जागा ही अशा विश्वासाची जागा. हे कायदे हवेतच. पण पंधरावा गोल करू नकोस, राखीव मुलांना आत पाठव, समोरच्या रडणाऱ्या पोराच्या पाठीवरून हात फिरव, हे कुठल्याही कायद्यात लिहिता येणार नाही. ते त्या माणसालाच कळावे लागते.

ठाण्याच्या मोठ्या क्रीडाप्रेक्षागृहाला दादोजी कोंडदेव यांचे नाव आहे. महाराष्ट्र शासन उत्तम क्रीडा मार्गदर्शकाला जो पुरस्कार देत असे, त्यालाही पूर्वी तेच नाव होते. पुढे दादोजी शिवरायांचे गुरू होते की केवळ जहागिरीचे कारभारी, यावर मोठा वाद झाला आणि पुरस्काराचे नाव बदलले. त्या वादात मला शिरायचे नाही. तो कागदपत्रे जाणणाऱ्यांचा प्रांत आहे. मला त्यातली एकच गोष्ट लक्षणीय वाटते. गुरू कोण होता यावर आपण वर्षानुवर्षे भांडतो, रस्त्यावर उतरतो, पुतळे हलवतो. आणि आज संध्याकाळी आपले मूल ज्याच्या हवाली केले आहे तो गुरू कसा आहे, हे विचारायला मात्र जात नाही. फी किती, वेळ कोणती, निवड होईल का, एवढे तीन प्रश्न विचारून आपण परततो. चौथा प्रश्न असा विचारावा: तुमची मुले फार पुढे गेली की तुम्ही काय करता? आणि पाचवा: फार मागे पडली की काय करता?

ज्याला या दोन प्रश्नांची उत्तरे पटकन देता येतील, त्याच्याकडे मूल बिनघोर ठेवावे. चौथ्या प्रश्नाला तो बहुधा म्हणेल, की चांगल्या खेळाडूंना बसवतो, बाकावरच्यांना खेळवतो, नाही तर डाव सोडतो. पाचव्याला म्हणेल, की जोड चुकली असेल तर समोरच्या कोचशी जाऊन बोलतो. त्याने ऐकले नाही तर मुले बाहेर काढतो, मग कोणी पळपुटा म्हटले तरी चालेल. पहिले उत्तर आचरेकरांचे आहे. दुसरे राजकोटच्या ठाकोरसाहेबांचे आहे. फक्त ते स्वतःच्या मानासाठी नव्हे, मुलांसाठी दिलेले.

आर्य गुरुकुलची ती अकरा मुले आता विशीच्या पलीकडे गेली असतील. त्यांची नावे जगाच्या पाठीवर कोणाला आठवत नाहीत, पण जगातल्या सर्वांत मोठ्या शालेय धावसंख्येच्या नोंदीत समोरची बाजू म्हणून ती कायमची बसली आहेत. त्या दोन दिवसांनंतर त्यांतली किती मुले पुन्हा मैदानात गेली, हे धावफलक सांगत नाही. पण कुठल्याही सामन्याचा खरा निकाल मला तोच वाटतो: दुसऱ्या दिवशी सरावाला किती मुले आली. जिंकणाऱ्यांची आणि हरणाऱ्यांची, दोन्हीकडची मोजून.